मनाली ते लेह: मोटारसायकलच्या वाटेचा इतिहास

मनाली ते लेह हा रोहतांग खिंडीवरून सुमारे ४७५ किलोमीटरचा रस्ता भारतातल्या मोटारसायकलस्वारांची वारी झाला आहे. बर्फ हटवून रस्ता खुला झाला, की पुण्या-मुंबईपासून कोलकात्या-बंगळुरूपर्यंतची चार-सहा मित्रांची टोळकी मागच्या सीटवर सामान बांधून निघतात. जिस्पा, सरचू किंवा पांगला तंबूत मुक्काम होतो. जाताना किंवा परतताना तीर्थनच्या खोऱ्यात नाहीतर बरोटला दोन दिवस थांबून ट्राउटसाठी गळ टाकला जातो. ही रीत जेमतेम साडेतीन दशकांची आहे. तिचे घटक मात्र बरेच जुने आहेत आणि त्यांतला एकही हौशी प्रवाशासाठी तयार झालेला नव्हता. मुक्कामाच्या जागा काफिल्यांनी ठरवल्या, रस्ता लष्करासाठी खोदला गेला, बुलेट लष्करासाठी मागवली गेली आणि ट्राउट इंग्रज अंमलदारांच्या विरंगुळ्यासाठी आणला गेला. हे चार धागे एकत्र आले आणि आजचा ‘लेह ट्रिप’ नावाचा प्रकार उभा राहिला.

काफिल्यांची वाट

लेह ही शतकानुशतके मध्य आशियाच्या व्यापारातली मोठी पेठ होती. उत्तरेला काराकोरम ओलांडून यारकंद, पूर्वेला तिबेट, पश्चिमेला झोजी ला ही खिंड उतरून काश्मीर आणि दक्षिणेला लाहौल-कुलूमार्गे पंजाब अशा चार दिशांच्या वाटा इथे मिळत. चांगथांगच्या पठारावरची पश्म ही मऊ लोकर, तिबेटचे मीठ आणि टाकणखार, यारकंदहून येणारे गालिचे आणि चरस हा माल खाली उतरे. सुती कापड, नीळ, चहा आणि धान्य वर चढे. इंग्रज प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० साली कुलूहून रोहतांग आणि बारालाचा ला या खिंडी ओलांडून लेहला पोहोचला, तो याच वाटेने. पुढे १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने जम्मू-काश्मीरचे महाराज रणबीरसिंग यांच्याशी व्यापारी करार केला आणि लेहला या व्यापारावर देखरेख करणारा ब्रिटिश अधिकारी बसू लागला.

या वाटेवर मालाची ने-आण घोडे, खेचरे, याक आणि मेंढ्या-शेळ्या करत. मेंढीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोकरीच्या छोट्या पिशव्या बांधून मीठ वाहिले जाई. लाहौलमधल्या पटसेओ इथे दर उन्हाळ्यात जत्रा भरे आणि तिथे तिबेटी व लडाखी व्यापारी मीठ आणि लोकर देऊन धान्य घेत. पाणी, जनावरांना चारा आणि वाऱ्यापासून आडोसा या तीन गोष्टी जिथे मिळत तिथे तळ पडे. आज ज्या ठिकाणी मोटारसायकली थांबतात त्यांतल्या बऱ्याच जागा अशाच निवडल्या गेल्या आहेत. त्या काळी चांगपा मेंढपाळ याकच्या केसांपासून विणलेल्या काळ्या तंबूंत राहत, व्यापारी कापडी तंबूंत. फाळणी, चीनने तिबेटचा घेतलेला ताबा आणि सीमांची नाकेबंदी यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्याला हा व्यापार थांबला. वाट ओस पडली.

लष्करी रस्ता

१९४७-४८ च्या युद्धाने लडाखचा प्रश्न ऐरणीवर आणला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने झोजी ला खिंडीत रणगाडे चढवून ती परत मिळवली. लेहला वाहनाने पोहोचण्याजोगा रस्ता मात्र तेव्हा नव्हता. चीनशी तणाव वाढू लागला तेव्हा ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीनगरहून कारगिलमार्गे लेहपर्यंत वाहने जाऊ लागली. पण एकाच रस्त्यावर, आणि तोही युद्धविराम रेषेला खेटून जाणाऱ्या रस्त्यावर, अवलंबून राहणे धोक्याचे होते. म्हणून मनालीकडून दुसरा रस्ता हाती घेण्यात आला. रोहतांगपलीकडे लाहौलमध्ये केलाँगपर्यंत वाहनरस्ता आधी झाला आणि मग बारालाचा ला, लाचुंग ला आणि तांगलांग ला ओलांडत तो लेहकडे सरकला. सरचूपर्यंतचा भाग ‘दीपक’ प्रकल्पाकडे आणि तिथून पुढचा भाग १९८५ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘हिमांक’ प्रकल्पाकडे सोपवला गेला.

या कामाची अवघडता आकड्यांवरून कळते. रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे, बारालाचा ला सुमारे ४,९०० मीटरवर, लाचुंग ला पाच हजारांच्या वर आणि तांगलांग ला सुमारे ५,३०० मीटरवर. बर्फामुळे कामाला वर्षातले चार-पाच महिनेच मिळतात. दर हिवाळ्यात हिमस्खलन आणि दरडी आधीचे काम उखडतात, म्हणून रस्ता बांधून संपत नाही; तो दरवर्षी नव्याने दुरुस्त करावा लागतो. हे काम यंत्रांइतकेच माणसांच्या हातांनी चालते. झारखंडच्या दुमका भागातून आणि बिहार-नेपाळमधून आलेले मजूर उन्हाळाभर रस्त्याकडेच्या तंबूंत राहतात, हातांनी खडी पसरतात आणि उघड्या चुलाणावर डांबर तापवतात. विरळ हवेत, धूर आणि धूळ खात केलेल्या त्यांच्या कष्टांवर प्रत्येक मोटारसायकल धावते.

लडाख १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी उघडला. त्या पहिल्या वर्षी तिथे अवघ्या ५२७ पर्यटकांची नोंद झाली. मनाली-लेह रस्ता नागरी आणि पर्यटकांच्या वाहतुकीसाठी खुला व्हायला १९८९ उजाडले. त्याच सुमारास काश्मीरमध्ये दहशतवाद उफाळला आणि श्रीनगरची वाट प्रवाशांसाठी असुरक्षित झाली. मनालीकडचा रस्ता आता पर्यटकांचा मुख्य रस्ता ठरला. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासजवळची शिखरे शत्रूच्या हाती गेली, श्रीनगर-लेह रस्त्यावर तोफांचा मारा झाला आणि या दुसऱ्या रस्त्याचे लष्करी महत्त्वही पुन्हा सिद्ध झाले.

बुलेट आणि तिची भावंडे

रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. तिची बुलेट भारतात रुजली ती लष्करामुळे. स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, म्हणून १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारत सरकारने ३५० सीसीच्या सुमारे ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर इथे बुलेट जोडल्या जाऊ लागल्या. साचे आणि यंत्रे विकत घेऊन हळूहळू सर्व भाग इथेच बनू लागले. १९७० मध्ये इंग्लंडमधला मूळ उद्योग बंद पडला, तरी मद्रासचा कारखाना चालूच राहिला. परिणामी १९५० च्या दशकातली रचना भारतात फारसा बदल न होता चार-पाच दशके टिकली.

जुनी बुलेट सुरू करणे ही एक शिकावी लागणारी गोष्ट होती. हँडलजवळची डिकॉम्प्रेशनची कळ दाबून किक हलक्या पायाने खाली घ्यायची, दिव्याच्या घरावरच्या ॲमीटरचा काटा मध्यावर आला की कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण वजन टाकून एकच दणका द्यायचा. हे साधले नाही तर किक उलटून पायाला झटका बसे. गिअर उजव्या पायाकडे आणि मागचा ब्रेक डाव्या पायाकडे होता. पण बिडाचे ते एक सिलिंडरचे इंजिन कमी वेगात मोठा जोर देई आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक ते हातोडी-पान्याने खोलून पुन्हा बसवू शके. दूरच्या प्रवासात हा गुण सर्वांत मोलाचा ठरला.

बुलेट एकटी नव्हती. मुंबईत मोटारसायकलींचा व्यापार करणाऱ्या फारुख इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला. तिथून १९६० च्या दशकात जावा आणि १९७३ पासून येझदी या धुराच्या दुहेरी नळकांड्यांच्या गाड्या बाहेर पडल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. एस्कॉर्ट्सची राजदूत गावोगावच्या दूधवाल्यांची गाडी झाली. कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात बुलेट ही घरच्या ऐपतीची खूण बनली. परवाना राज्याच्या त्या काळात गाडी मिळवण्यासाठीच नंबर लावून थांबावे लागे आणि मिळालेली गाडी संसाराच्या कामाला जुंपली जाई. निव्वळ फिरण्यासाठी हजारो किलोमीटर जाणे बहुतेकांच्या कल्पनेतही नव्हते.

ती कल्पना काही अंशी परदेशी प्रवाशांनी आणली. अमेरिकन रॉबर्ट एडिसन फुल्टन हा १९३२-३३ मध्ये डग्लस मोटारसायकलवरून लंडनहून टोकियोकडे जाताना हिंदुस्थानातून गेला होता. १९७३ ते १९७७ या काळात ट्रायम्फवरून जगभर फिरलेल्या टेड सायमनच्या वाटेतही भारत होता. पण जास्त परिणाम केला तो गोव्यात राहणाऱ्या अनामिक परदेशी तरुणांनी. हिवाळा हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर आणि उन्हाळा मनालीजवळच्या वशिष्ठ गावात, असा त्यांचा वार्षिक फेरा असे. दिल्लीच्या करोल बागेत किंवा गोव्यातच जुनी बुलेट विकत घ्यायची, ती घेऊन उत्तर गाठायची आणि मायदेशी परतताना विकून टाकायची, ही त्यांची पद्धत होती. त्यातून मनालीत बुलेट दुरुस्त करणारे आणि भाड्याने देणारे व्यावसायिक उभे राहिले.

ट्राउटचे आगमन

हिमालयातल्या थंड प्रवाहांत मूळचा मासा म्हणजे शायझोथोरॅक्स प्रजातीतला, ज्याला इंग्रज ‘स्नो ट्राउट’ म्हणत. खालच्या, किंचित उबदार नद्यांत महसीर होता. खरा ट्राउट मात्र युरोपातून आला. गळाने ट्राउट धरणे हा ब्रिटनमधल्या जमीनदार वर्गाचा आवडता छंद होता आणि तोच भारतातल्या थंड प्रदेशांत चालू ठेवण्याची अंमलदारांची इच्छा होती. १८६० च्या दशकात मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी निलगिरीत असा प्रयत्न केला, पण तो फसला. काश्मीरमध्ये गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी तो तडीस नेला. अंड्यांची पहिली खेप वाया गेली, पण १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप जगली. श्रीनगरजवळ हरवान इथे ट्राउटचे बीज तयार होऊ लागले.

कुलूमध्ये हे काम सहायक आयुक्त जी. सी. एल. हॉवेल यांनी केले. १९०९ मध्ये त्यांनी काश्मीरमधून तपकिरी ट्राउटची अंडी आणून महिली इथे उबवणी केंद्र काढले आणि तिथली पिल्ले बियास व तिच्या उपनद्यांत सोडली. ट्राउटला वीस अंश सेल्सिअसच्या खालचे, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. दगडगोट्यांवरून उड्या घेत येणाऱ्या तीर्थन, सैंज आणि ऊल या नद्यांत ते त्याला मिळाले आणि तो तिथे आपसूक अंडी घालून वाढू लागला. नॉर्वेच्या सहकार्याने पतलीकुहल इथे इंद्रधनुषी ट्राउटची शेती सुरू झाल्यावर बरोट, सांगला अशा ठिकाणच्या सरकारी केंद्रांसोबत शेतकऱ्यांनीही तलाव बांधले. आज ढाब्यावर ताटात येणारा ट्राउट बहुधा अशा तलावातला असतो. गळाला लागणारा नदीतला.

नदीतल्या मासेमारीला हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. ती गळानेच करावी लागते, जाळ्याने नाही. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, म्हणजे ट्राउटच्या विणीच्या काळात, ती पूर्ण बंद असते. लहान मासा परत पाण्यात सोडावा लागतो. जाणकार मासेमार भल्या पहाटे किंवा सांजवेळी, मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात, पिसांनी आणि दोऱ्याने बनवलेली नकली माशी हलकेच टेकवतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो, म्हणून खालच्या अंगाने, सावली पाण्यावर न पडू देता जावे लागते. बर्फ वितळून नद्या गढूळ झाल्या की गळ गुंडाळून ठेवावा लागतो. म्हणून वसंतातले आणि पावसाळ्यानंतरचे आठवडे सर्वांत चांगले. रोहतांगपलीकडच्या चंद्रा आणि भागा हिमनद्यांच्या गाळाने करड्या झालेल्या असतात, त्यामुळे मोटारसायकलस्वारांचा गळ बियासच्या खोऱ्यातच राहतो. लडाखच्या बौद्ध समाजात मासे मारणे परंपरेने नापसंत आहे आणि पाहुण्यानेही ती भावना जपणे योग्य आहे.

महाराष्ट्राचा या छंदाशी संबंध महसीरमधून येतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून निळ्या पराच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्या जातीला ‘खुद्री’ असे नाव मिळाले. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या वळवण धरणावर टाटांच्या वीज कंपनीने त्याच जातीची पैदास केली आणि पिल्ले देशभर पाठवली. कावेरीत सोडलेली ही पिल्ले इतकी फोफावली, की तिथला स्थानिक मोठ्या वशिंडाचा महसीर विरळ होत गेला. हिमालयात तपकिरी ट्राउटने मूळच्या माशांवर असाच ताण आणला आहे. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हे केवळ कौतुकाचे काम नसते, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

चार धाग्यांची एक रीत

१९८९ नंतर भारतीय स्वार या वाटेला लागले ते हळूहळू. १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने आलेल्या १०० सीसी गाड्यांनी मोटारसायकल घरोघरी नेली होती. उदारीकरणानंतर शहरी तरुणांच्या हाती पैसा आणि रजा आली. १९९४ मध्ये एनफील्ड आयशर समूहात विलीन झाली. २००१ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर आणली आणि दीडशे सीसीची, लांब पल्ल्याला पुरेल अशी गाडी विद्यार्थ्यालाही परवडू लागली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड डी हिमालय’ या शर्यतीने आणि रॉयल एनफील्डच्या ‘हिमालयन ओडिसी’ या सामूहिक सफरीने या वाटेला नाव दिले. गोव्यात वागातोरला भरणारा ‘रायडर मेनिया’, ज्याचे नाव २०२३ मध्ये ‘मोटोव्हर्स’ झाले, हा देशभरच्या बुलेटस्वारांचा मेळावा बनला. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटाने पँगाँग सरोवर घराघरात पोहोचवले. २०१८ मध्ये लडाखच्या पर्यटकांची संख्या सव्वातीन लाखांच्या पुढे गेली.

या काळात प्रवासाची एक ठाम पद्धत घडली. महाराष्ट्रातले बरेच जण गाडीतले पेट्रोल काढून, गोणपाट गुंडाळून ती रेल्वेच्या पार्सलने दिल्ली किंवा चंडीगडला पाठवतात. काही थेट चालवत जातात. क्लच आणि ॲक्सिलरेटरची जास्तीची वायर चालू वायरीलाच चिकटपट्टीने बांधून ठेवायची, म्हणजे तुटल्यावर पाच मिनिटांत बदलता येते. चंद्रा आणि भागा यांच्या संगमावरच्या तांदी गावात पंपाशेजारी पाटी आहे, की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे टाकी आणि जेरीकॅन दोन्ही भरले जातात. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे प्रमाण जास्त होऊन इंजिन गुदमरते, काळा धूर सोडते आणि चढावर पहिल्या गिअरशिवाय हलत नाही. जेट बदलणे किंवा एअर फिल्टर सैल करणे हे त्यावरचे जुने उपाय. नंतर आलेल्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांनी ती अडचण बरीच कमी केली.

माणसाच्या शरीराला असा उपाय नाही. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे आणि सरचू ४,२०० च्या वर. एका दिवसात तिथवर जाऊन झोपणाऱ्यांना डोकेदुखी, उलट्या आणि प्रसंगी फुप्फुसात पाणी साचण्याचा त्रास होतो. म्हणून अनुभवी गट पहिली रात्र जिस्पाला काढतात. झिंगझिंगबारजवळच्या ‘पागल नाल्या’सारखे ओढे दुपारी बर्फ वितळल्यावर फुगतात, त्यामुळे ते सकाळीच ओलांडले जातात. पॅराशूटच्या कापडाचे तंबू ताणून लाहौली आणि लडाखी कुटुंबे उन्हाळाभर ढाबे चालवतात. त्यांच्या चहा-थुक्प्यावर आणि रजयांवर या वाटेवरचे निम्मे मुक्काम पार पडतात.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, वाट ४६ किलोमीटरने कमी झाली आणि लाहौलला हिवाळ्यातही जाता येऊ लागले. लेहकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेवरच्या शिंकू ला या खिंडीखालच्या बोगद्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. सोय वाढली तशी गर्दीही वाढली. लेहमधले गाडी भाड्याने देणारे स्थानिक लोक बाहेरच्या भाड्याच्या मोटारसायकली लेहच्या पुढे फिरवण्यास हरकत घेतात, कारण त्यांचा हंगाम चार महिन्यांचाच आहे. त्सो मोरिरी आणि त्सो कार ही सरोवरे रामसर यादीत आहेत आणि काळ्या मानेचे क्रौंच तिथे घरटी करतात. त्यांच्या काठावर तंबू ठोकल्याने आणि गाड्या फिरवल्याने त्या घरट्यांना थेट इजा होते. थंड, कोरड्या हवेत कचरा कुजत नाही, तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

व्यापारी, जवान, मजूर आणि ढाबेवाले यांनी आपापल्या गरजेपोटी ही वाट जिवंत ठेवली. हौशी प्रवासी तिचा सर्वांत अलीकडचा वाटसरू आहे. तेव्हा तिथे जाणाऱ्याने गळाचा परवाना घ्यावा, विणीच्या काळात नदीला हात लावू नये, सरोवरापासून लांब तळ द्यावा, आपला कचरा आपल्याच गाडीवर बांधून मनालीला किंवा लेहला आणावा आणि रस्त्यावर खडी पसरणाऱ्या मजुराजवळून जाताना वेग कमी करावा.